स्टॉरमाँट तीन वर्षं बंद होतं: उत्तर आयर्लंडमधलं एक प्रकरण

प्रकरण थोडक्यात

जानेवारी २०१७ ते जानेवारी २०२० अशी तीन वर्षं उत्तर आयर्लंडला स्वतःचं सरकार नव्हतं. निवडणूक झालेली, आमदार निवडून आलेले, त्यांचे पगारही (पुढे कात्री लागून का होईना) चालू. पण बेलफास्टच्या स्टॉरमाँट इमारतीत विधानसभेचं कामकाज होत नव्हतं आणि मंत्र्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सरकार चालवायला जे दोन पक्ष लागतातच, ते एकमेकांबरोबर बसायला तयार नव्हते. मग ११ जानेवारी २०२० ला, एका शनिवारी, तेच दोन पक्ष पुन्हा शपथ घेऊन कामाला लागले.

मधल्या काळात त्यांच्यात मैत्री झाली होती असं मुळीच नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण नीट बघण्यासारखं आहे. विरोधकांमध्ये विश्वास कसा निर्माण करावा यावर पुष्कळ बोललं जातं. इथे विश्वास नसतानाही काम कसं सुरू झालं ते दिसतं, आणि कुठला विश्वास कमी पडत होता तेही. माझ्या मते खरी अडचण टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांची कमी आणि नेत्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या त्यांच्याच लोकांची जास्त होती.

नेत्यांची नावं सार्वजनिक नोंदीतली आहेत म्हणून ठेवली आहेत. इतरांचा उल्लेख शक्यतो पदानं केला आहे.

पार्श्वभूमी

तीन दशकांच्या हिंसाचारात सुमारे ३,५०० माणसं गेल्यावर १० एप्रिल १९९८ ला गुड फ्रायडे करार झाला. ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे युनियनवादी आणि आयर्लंडशी एकीकरण मागणारे आयरिश राष्ट्रवादी यांनी मिळून राज्य करायचं, हा त्याचा गाभा. फर्स्ट मिनिस्टर एका बाजूचा, डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर दुसऱ्या बाजूचा. नावात 'डेप्युटी' असलं तरी दोघांचे अधिकार अगदी सारखे, आणि एकानं राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. बाकीची बहुतेक मंत्रिपदं पक्षांच्या संख्याबळानुसार एका ठरलेल्या गणिती पद्धतीनं वाटली जातात. शिवाय ३० आमदारांच्या सह्यांनी 'पिटिशन ऑफ कन्सर्न' दाखल झाली, तर कुठल्याही ठरावाला नुसतं बहुमत पुरत नाही, दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींचा पाठिंबा लागतो.

एरवीच्या आघाडी सरकारात एक भिडू रुसला तर दुसरा शोधता येतो. इथे ती सोयच नाही. दोन्ही बाजूंचे सर्वांत मोठे पक्ष, म्हणजे युनियनवाद्यांचा डीयूपी आणि आयरिश राष्ट्रवाद्यांचा शिन फेन, एकमेकांना बांधलेले आहेत. घटस्फोट घेता येत नाही, फक्त घर बंद करता येतं.

या व्यवस्थेत नाटकी वाटाव्यात अशा बारीकसारीक गोष्टींना फार किंमत असते. मार्च २००७ मध्ये डीयूपीचे इयन पेस्ली आणि शिन फेनचे जेरी अॅडम्स पहिल्यांदा जाहीरपणे एकत्र बसणार होते. शिन फेनला दोघं शेजारी-शेजारी बसलेले हवे होते, म्हणजे भागीदार दिसले असते. डीयूपीला समोरासमोर हवे होते, म्हणजे प्रतिस्पर्धी दिसले असते. शेवटी अधिकाऱ्यांनी टेबलं पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात मांडली आणि दोघांना एका कोपऱ्याच्या दोन बाजूंना बसवलं. फोटोत ते शेजारीही होते आणि समोरासमोरही. हसू येतं खरं, पण दोघांनाही तो फोटो आपापल्या घरी दाखवायचा होता, हे त्या अधिकाऱ्यांना पक्कं कळलं होतं.

त्यानंतर ८ मे २००७ ला पेस्ली फर्स्ट मिनिस्टर झाले आणि शिन फेनचे मार्टिन मॅकगिनेस, आयआरए या सशस्त्र आयरिश राष्ट्रवादी संघटनेचे एकेकाळचे कमांडर, डेप्युटी. दोघं जाहीरपणे इतके हसत-खिदळत वावरायचे की वर्तमानपत्रांनी त्यांना 'चकल ब्रदर्स' म्हणायला सुरुवात केली. पेस्लींच्या पक्षातल्या आणि चर्चमधल्या जुन्या सहकाऱ्यांना ते हसू पचलं नाही. पुढच्याच वर्षी पेस्ली पायउतार झाले.

आणखी एक जुनी घटना लक्षात ठेवायला हवी, कारण ती पुढे कामाला येते. जानेवारी २०१० मध्ये तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर, डीयूपीचे पीटर रॉबिन्सन यांच्यावर आरोप झाले, तेव्हा त्यांनी राजीनामा न देता काही आठवड्यांपुरतं बाजूला होणं पसंत केलं. पद त्यांच्याच नावावर राहिलं, काम त्यांच्या एका सहकाऱ्यानं पाहिलं, आणि फेब्रुवारीत ते परत आले. ती सहकारी म्हणजे आर्लीन फॉस्टर.

अडचण कशी उभी राहिली

२०१२ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये लाकडाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरसाठी अनुदान योजना सुरू झाली. पर्यावरणपूरक इंधन वापरा, सरकार पैसे देईल. घोळ असा की प्रत्येक युनिट उष्णतेमागे मिळणारं अनुदान इंधनाच्या किमतीपेक्षा जास्त होतं, आणि ब्रिटनच्या योजनेत होती तशी वरची मर्यादा इथे घातलेली नव्हती. जितकं जाळाल तितकं कमवाल. डिसेंबर २०१६ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमानंतर हे प्रकरण पेटलं, तेव्हा वीस वर्षांत ४९ कोटी पौंडांच्या जादा खर्चाचा अंदाज पुढे आला होता. योजना आली तेव्हा त्या खात्याच्या मंत्री होत्या आर्लीन फॉस्टर. आता त्या फर्स्ट मिनिस्टर होत्या.

मॅकगिनेस यांनी त्यांना प्राथमिक चौकशी होईपर्यंत काही आठवडे बाजूला व्हा असं सुचवलं. फॉस्टर यांनी नकार दिला. १९ डिसेंबरला त्यांच्याविरुद्धच्या ठरावाच्या बाजूनं ३९ आणि विरोधात ३६ मतं पडली, पण दोन्ही समाजांचा पाठिंबा नसल्यानं ठराव पडला. नियमानं त्या सुरक्षित होत्या.

मग २३ डिसेंबरला, नाताळच्या दोन दिवस आधी, डीयूपीचे मंत्री पॉल गिव्हन यांच्या खात्यातून एक छोटा ई-मेल गेला. आयरिश भाषा शिकायला डोनेगालच्या आयरिशभाषक भागात जाण्यासाठी गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी 'लिओफा' शिष्यवृत्ती काटकसरीमुळे पुढच्या वर्षी दिली जाणार नाही. शेवटी नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा. रक्कम होती ५०,००० पौंड. एकीकडे जाळून वाया जाणारे कोट्यवधी आणि दुसरीकडे मुलांचे पन्नास हजार, ही जुळणी शिन फेनला वेगळी समजावून सांगावी लागलीच नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ती आपणहून केली.

आयरिश भाषेचं दुखणं जुनं. २००६ च्या सेंट अँड्र्यूज करारात ब्रिटिश सरकारनं आयरिश भाषा कायद्याचं आश्वासन दिलं होतं. ते दहा वर्षं तसंच पडून होतं. डीयूपीचं म्हणणं, आश्वासन सरकारनं दिलं, आम्ही नाही. २०१४ मध्ये तर डीयूपीच्या एका सदस्यानं सभागृहात आयरिशमधल्या आभाराच्या शब्दांची टर उडवून 'करी माय योगर्ट' असं काहीतरी म्हटलं होतं. त्याला एक दिवस बोलायला बंदी झाली. अपमानाचा हिशोब मात्र चालू राहिला.

त्यात ब्रेक्झिट होतं. जून २०१६ च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडमधल्या ५५.८ टक्के लोकांनी युरोपीय संघात राहायला मत दिलं, तर डीयूपी बाहेर पडण्याच्या बाजूनं होता.

९ जानेवारी २०१७ ला मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला. ते तेव्हा गंभीर आजारी होते, दिसतही होते. फॉस्टर यांचं पद आपोआप गेलं. तीनच दिवसांनी गिव्हन यांना शिष्यवृत्तीचे पैसे सापडले. तोवर उशीर झाला होता.

राजीनाम्याआधीचे ते काही आठवडे मला या प्रकरणातला सर्वांत स्वस्तात सुटू शकणारा टप्पा वाटतो. बाजूला होण्याची वाट डीयूपीनंच सात वर्षांपूर्वी पाडली होती, आणि त्या वाटेवर तात्पुरतं काम पाहणारी व्यक्ती स्वतः फॉस्टर होत्या. फरक एवढाच की आता मागणी शिन फेनकडून आली होती. तीच गोष्ट स्वतःहून केली तर प्रतिष्ठा, समोरच्यानं सांगितल्यावर केली तर शरणागती, असा तो मामला होता.

समोर कोणते पर्याय होते

२ मार्च २०१७ च्या निवडणुकीत ९० पैकी डीयूपीला २८ आणि शिन फेनला २७ जागा मिळाल्या. प्रचारात फॉस्टर यांनी भाषा कायद्याच्या मागणीबद्दल बोलताना मगरीला खायला घातलं की ती आणखी मागायला परत येते, अशा अर्थाचं विधान केलं होतं. ते शिन फेनच्या मतदारांना घराबाहेर काढायला पुरेसं ठरलं. ३० सह्या एकट्याच्या बळावर जमवायची ताकद डीयूपीनं त्याच निवडणुकीत गमावली.

यानंतर निरनिराळ्या वेळी पाच वाटा चर्चेत होत्या.

लंडनहून थेट कारभार ही जुनी वाट. १९७२ पासून बराच काळ तसंच चाललं होतं. पण जून २०१७ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी बहुमत गमावलं आणि डीयूपीच्या १० खासदारांच्या पाठिंब्यावर सरकार टिकवलं. त्याबरोबर उत्तर आयर्लंडसाठी १०० कोटी पौंडांचा जादा निधी ठरला. पंच म्हणून उभं राहायचं ते सरकारच एका संघाच्या खांद्यावर बसलं. मग थेट कारभार म्हणजे डीयूपीचाच कारभार, असं आयरिश राष्ट्रवाद्यांनी म्हटलं तर त्यांना खोटं कसं पाडणार?

पुन्हा निवडणूक घेतली तर आकडे फार बदलले नसते, कडवटपणा वाढला असता. बाहेरचा मध्यस्थ आणावा असंही बोललं गेलं. १९९८ च्या वाटाघाटींत अमेरिकेचे जॉर्ज मिचेल होतेच. सक्तीची भागीदारी सोडून इच्छुकांची आघाडी करावी हा विचार तर्कानं बरा होता, पण त्यासाठी १९९८ च्या कराराच्या मुळालाच हात घालावा लागला असता.

पाचवी वाट कुणी निवडली नाही, ती आपोआप घडली: अधिकाऱ्यांनी गाडा ओढायचा. मे २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं तिला खीळ घातली. बेलफास्टजवळच्या एका कचरा-भट्टीच्या प्रकल्पाला खात्यानं दिलेली मंजुरी न्यायालयानं रद्द केली, कारण असा निर्णय मंत्र्याविना घेता येत नाही. अपिलातही तेच कायम राहिलं. त्यानंतर वेस्टमिन्स्टरनं, म्हणजे लंडनच्या संसदेनं, कायदा करून अधिकाऱ्यांना थोडी मोकळीक दिली. पण मोठं धोरण, पगारवाढ, आरोग्यव्यवस्थेची फेररचना हे सगळं तुंबलं. पुढे बाह्यरुग्ण तज्ज्ञांच्या पहिल्या भेटीसाठी थांबलेल्यांची संख्या तीन लाखांवर गेली, तीही जेमतेम १९ लाखांच्या प्रदेशात.

फेब्रुवारी २०१८: जवळजवळ झालेला करार

हा टप्पा सावकाश पाहायला हवा.

मधल्या काळात फॉस्टर यांनी काही पावलं टाकली होती. मॅकगिनेस २१ मार्च २०१७ ला वारले. डेरीतल्या त्यांच्या अंत्यविधीला फॉस्टर गेल्या. चर्चमधल्या लोकांनी टाळ्या वाजवून त्यांची दखल घेतली. आयआरएनं ज्यांच्या वडिलांवर गोळी झाडली होती, अशा बाईंचं तिथे जाणं साधं नव्हतं. पुढच्याच महिन्यात त्या न्यूरीतल्या एका शाळेत आयरिश शिकणाऱ्या मुलींना भेटल्या आणि आयरिशमध्ये आभार मानून आल्या. टेबलापलीकडच्या माणसांशी जमवून घेण्याची इच्छाच नव्हती, असं म्हणता येणार नाही.

२०१८ च्या सुरुवातीला दोन्ही पक्ष एका मसुद्यापर्यंत आले. आयरिश भाषेसाठी एक कायदा, युनियनवाद्यांच्या परंपरेतल्या अल्स्टर-स्कॉट्स बोलीसाठी दुसरा, आणि दोन्हींना सामावून घेणारा तिसरा, अशी ती रचना होती. शिन फेनला 'स्वतंत्र कायदा मिळवला' म्हणता आलं असतं, डीयूपीला 'एकट्या आयरिशला काही दिलं नाही'. टेबलाच्या कोपऱ्याचीच युक्ती, कायद्याच्या भाषेत.

१२ फेब्रुवारीला थेरेसा मे आणि आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर स्टॉरमाँटला पोहोचले. करार जाहीर होणार अशी हवा झाली. पण डीयूपीच्या आमदार-खासदारांना आणि तळातल्या कार्यकर्त्यांना नेमकं काय ठरतंय याची तयारीच करून दिलेली नव्हती. आदल्या वर्षभर ज्यांना 'मगरीला खाऊ घालायचं नाही' असं सांगितलं, त्यांना एका सोमवारी टीव्हीवरून कळत होतं की खाऊ तयार आहे. फोन खणखणू लागले. १४ फेब्रुवारीला फॉस्टर यांनी बोलणी फिसकटल्याचं जाहीर केलं. नंतर मसुदा फुटला. शिन फेन म्हणाला ठरलंच होतं, डीयूपी म्हणाला आम्ही मान्य केलंच नव्हतं.

यानंतर विश्वासाची अवस्था २०१७ पेक्षा वाईट झाली. आधी प्रश्न होता, समोरचा शब्द देईल का? आता प्रश्न झाला, त्यानं दिलेला शब्द त्याच्या पक्षात चालतो का? दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण त्याचं उत्तर समोरच्या नेत्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून नसतं.

शिन फेनचीही एक चूक मला दिसते. डीयूपीला स्वतःच्या लोकांपुढे मान खाली घालावी लागू नये, याची जबाबदारी काही अंशी आपलीही आहे, असं त्यांच्या प्रचारात कुठेच दिसत नव्हतं. 'कायदा मिळवणारच' हे इतक्या मोठ्यानं म्हटलं गेलं की तो देणं म्हणजे हरणं, असंच चित्र उभं राहिलं.

काय केलं गेलं

पुढचं वर्षभर जवळपास शुकशुकाट होता. १८ एप्रिल २०१९ ला डेरीत दंगल चालू असताना न्यू आयआरए या सशस्त्र गटाच्या गोळीनं २९ वर्षांची पत्रकार लायरा मकी मारली गेली. बेलफास्टच्या सेंट अॅन्स कॅथेड्रलमधल्या अंत्यविधीत धर्मगुरूंनी, सगळे पक्षनेते समोर बसलेले असताना, विचारलं की तुम्ही एकत्र यायला एका तरुण मुलीचा जीव का जावा लागतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मग नेत्यांनाही उभं राहावं लागलं.

७ मे पासून बोलणी सुरू झाली. आजी-माजी वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांच्या हाताखाली पाच कार्यगट नेमले गेले: सरकारचा कार्यक्रम, मंत्रिमंडळाच्या कामातली पारदर्शकता, पिटिशन ऑफ कन्सर्न, भाषा व ओळख, आणि संस्थांचा टिकाऊपणा. बातम्यांत या गटांना फारशी जागा मिळाली नाही, पण पुढचा मजकूर बराचसा याच कामावर उभा राहिला. भावना ओसरल्यावरही कागद उरले. तरीही डिसेंबरपर्यंत करार झाला नाही, हेही सांगायला हवं. लायरा मकीच्या मृत्यूनं दोन्ही पक्ष शहाणे झाले आणि एकत्र आले, असं जे सोपं कथानक सांगितलं जातं, त्याच्याशी तारखा जुळत नाहीत.

डिसेंबर २०१९ मध्ये तीन गोष्टी एकामागोमाग झाल्या. १२ तारखेच्या ब्रिटिश निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांना भक्कम बहुमत मिळालं आणि लंडनमधलं डीयूपीचं वजन एका रात्रीत गेलं. त्यांचे १० खासदार होते, ८ उरले. शिन फेनचीही मतं घसरली, आणि कुठल्याच गोटात न बसणाऱ्या अलायन्स पक्षाला १६.८ टक्के मतं पडली. म्हणजे दोन्ही पक्षांना त्यांच्याच मतदारांनी टोकलं. १८ तारखेला परिचारिकांच्या संघटनेनं, रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं, आपल्या १०३ वर्षांच्या इतिहासातला पहिला संप उत्तर आयर्लंडमध्ये केला. मागणी इंग्लंडइतक्या पगाराची, आणि उत्तर ठरलेलं: मंत्री नाहीत, निर्णय घेता येत नाही. शिवाय १३ जानेवारीची कायदेशीर मुदत डोक्यावर होती. ती चुकली तर विधानसभेची नवी निवडणूक. एरवी निवडणुकीची धमकी पोकळ वाटायची. आता दोघांनाही तिची भीती होती.

अशा वेळी ब्रिटिश मंत्री ज्युलियन स्मिथ आणि आयर्लंडचे परराष्ट्रमंत्री सायमन कोव्हनी यांनी या प्रकरणातली निर्णायक चाल केली. ९ जानेवारी २०२० च्या रात्री, म्हणजे मॅकगिनेस यांच्या राजीनाम्याला बरोबर तीन वर्षं झाली त्याच दिवशी, ते थंडीत स्टॉरमाँटच्या बाहेर उभे राहिले आणि 'न्यू डिकेड, न्यू अप्रोच' हा मजकूर सरळ जाहीर करून टाकला. पक्षांची संमती मिळालेली नव्हती. विधानसभा दुसऱ्याच दिवशी बोलवावी, अशी विनंतीही त्यांनी करून टाकली.

वरवर पाहता हा आगाऊपणा होता. पण २०१८ मध्ये जे बिघडलं होतं, त्यावरच त्यानं बोट ठेवलं. मजकूर आता कुणा एका पक्षाचा नव्हता, दोन सरकारांचा होता. कुठल्याच नेत्याला 'मी हे देऊन बसलो' असं घरी सांगावं लागणार नव्हतं. 'समोर आलंय ते घ्यायचं की नाही' एवढंच विचारायचं होतं. आणि सगळा कागद लोकांसमोर असल्यानं फुटण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नकार देणाऱ्याला मात्र संपावरच्या परिचारिकांपुढे जाऊन कारण सांगावं लागलं असतं.

भाषेचा तोडगा पुन्हा कोपऱ्याच्या टेबलासारखाच. स्वतंत्र आयरिश भाषा कायदा नाही, पण आयरिशसाठी आयुक्त. अल्स्टर-स्कॉट्स आणि अल्स्टर-ब्रिटिश परंपरेसाठी दुसरा आयुक्त. वर ओळख व सांस्कृतिक अभिव्यक्तीचं एक कार्यालय. पिटिशन ऑफ कन्सर्नला किमान दोन पक्षांच्या सह्या लागतील. फर्स्ट मिनिस्टर किंवा डेप्युटीनं राजीनामा दिला तर सरकार लगेच कोसळणार नाही, वारस नेमायला २४ आठवड्यांपर्यंत मुदत मिळेल. पक्षनेत्यांचा नियमित भेटणारा मंच असेल.

दोन्ही पक्षांनी होकार दिला. शनिवारी फॉस्टर फर्स्ट मिनिस्टर झाल्या, शिन फेनच्या मिशेल ओ'नील डेप्युटी. २०१६ मध्ये विरोधात बसलेले एसडीएलपी (आयरिश राष्ट्रवादी) आणि यूयूपी (युनियनवादी) हे लहान पक्षही या वेळी मंत्रिमंडळात आले आणि न्यायखातं अलायन्सच्या नेओमी लाँग यांच्याकडे गेलं. पोलीस आणि न्याय हे विषय डीयूपीला शिन फेनच्या हाती नको असतात आणि उलटही, म्हणून २०१० पासून पहिली सहा वर्षं ते खातं अलायन्सनं सांभाळलं होतं. विश्वास नसेल तिथे वस्तू तिसऱ्याकडे ठेवायची, हा उपाय दिसायला फिका, पण या सबंध व्यवस्थेतला सर्वांत टिकाऊ.

परिणाम

परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न काही दिवसांतच मार्गी लागला. बॉयलर योजनेच्या न्यायालयीन चौकशीचा अहवाल १३ मार्च २०२० ला आला: भ्रष्टाचार नाही, चुकांवर चुका. तीन वर्षांपूर्वी ज्यावरून सरकार पडलं, त्यावरून आता सरकार पडलं नाही.

त्याच सुमारास करोना आला. सुरुवातीला दोघी नेत्या एकत्र पत्रकार परिषदा घेत. ३० जूनला ओ'नील एका ज्येष्ठ रिपब्लिकन (म्हणजे कट्टर आयरिश राष्ट्रवादी) नेत्याच्या अंत्ययात्रेला गेल्या. गर्दी मोठी होती, आणि निर्बंध तर या दोघींच्याच सरकारनं घातलेले. एकत्र पत्रकार परिषदा बंद पडल्या, त्या सप्टेंबरपर्यंत. नोव्हेंबरमध्ये डीयूपीनं निर्बंधांची मुदतवाढ रोखायला मंत्रिमंडळातच दोन्ही समाजांच्या मताची अट वापरली.

फॉस्टर यांना २०२१ मध्ये त्यांच्याच पक्षानं घालवलं. त्यांच्या जागी जूनमध्ये आले पॉल गिव्हन, तेच, शिष्यवृत्तीवाले. भाषेचा कायदा स्टॉरमाँट करणार नसेल तर वेस्टमिन्स्टर करेल, असं आश्वासन लंडनहून मिळाल्यावरच शिन फेननं आपलं नाव दिलं. ३ फेब्रुवारी २०२२ ला ब्रेक्झिटनंतरच्या आयरिश समुद्रातल्या व्यापारी तपासण्यांवरून गिव्हन यांनी राजीनामा दिला आणि सरकार पुन्हा बंद पडलं. २४ आठवड्यांच्या सोयीचा कायदा त्यानंतर पाचव्या दिवशी मंजूर झाला. त्यामुळे मंत्री काळजीवाहू म्हणून ऑक्टोबरअखेरपर्यंत राहिले, एवढाच दिलासा. भाषेचा कायदाही डिसेंबर २०२२ मध्ये वेस्टमिन्स्टरनंच केला.

सरकार परत आलं ३ फेब्रुवारी २०२४ ला. मे २०२२ च्या निवडणुकीत शिन फेन सर्वांत मोठा पक्ष झाला होता, त्यामुळे या वेळी ओ'नील फर्स्ट मिनिस्टर आणि डीयूपीच्या एमा लिटल-पेंगेली डेप्युटी.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, डिसेंबर २०१६. चौकशीपुरतं बाजूला होणं ही मेहेरबानी न ठेवता नियम करायला हवा होता. आरोप झाला, चौकशी नेमली, की मंत्री अमुक आठवडे कामापासून दूर आणि पद अबाधित. मागणी कुणी केली हा मुद्दाच मग उरत नाही.

दुसरं, ब्रिटिश सरकारनं डीयूपीशी २०१७ मध्ये हातमिळवणी करताना स्टॉरमाँटच्या बोलण्यांचं अध्यक्षपद तरी दुसऱ्या कुणाकडे सोपवायला हवं होतं. संसदेतली गरज समजण्यासारखी आहे, पण दोन्ही भूमिका एकाच हातात ठेवून अडीच वर्षं गेली.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं: पक्षांतर्गत तयारी हा वाटाघाटीचाच भाग धरायला हवा. पाच कार्यगटांत आणखी एक हवा होता, प्रत्येक पक्षाचा मजकूर त्याच्या शाखांपर्यंत टप्प्याटप्प्यानं पोहोचवणारा. २०२४ मध्ये डीयूपीचे तेव्हाचे नेते जेफ्री डोनाल्डसन यांनी तडजोड पक्षाच्या कार्यकारिणीसमोर रात्री उशिरापर्यंत बसून मंजूर करून घेतली आणि मगच जाहीर केली. आत काय चाललंय ते एक विरोधक बाहेर सतत ट्वीट करत होता म्हणे, तरीही ठराव झाला. २०१८ मध्ये नेमकं हेच राहिलं होतं.

चौथ्या गोष्टीबद्दल मी साशंक आहे. जाहीर सौजन्याचा उपयोग किती? पेस्ली-मॅकगिनेस यांच्या हसण्यानं पेस्लींचं नुकसान केलं. पण २०२४ मध्ये लिटल-पेंगेली पश्चिम बेलफास्टच्या एका गेलिक क्रीडा क्लबात ओ'नीलबरोबर गेल्या आणि काठी हातात घेऊन चेंडू टोलवला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओ'नील यांनी बेलफास्टच्या स्मृतिदिनी ब्रिटिश सैनिकांच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं. दोघींनाही आपापल्या गोटातून बोलणी बसली, पण दोघी पदावर राहिल्या. कदाचित फरक हा की ही मैत्रीची जाहिरात नव्हती. प्रत्येकीनं समोरच्या समाजाच्या दारात जाऊन एकेक काम केलं.

आणि मूळ नियम अजून जागचा हललेला नाही. दोनांपैकी एका पक्षानं मनावर घेतलं तर सरकार आजही बंद पडू शकतं, थोडं सावकाश इतकंच. अलायन्स हा नियम बदलायची मागणी लावून धरतो. ज्या दोन पक्षांच्या हातात ती किल्ली आहे, त्यांच्या संमतीशिवाय तो बदलणं अवघड, आणि आलटूनपालटून दोघांनीही ती वापरलेली आहे.